पेलेटचा डबा बंद ठेवा

पिस्तुलाचा नेम सुधारायचा असेल तर आठवड्यातले निम्मे दिवस पेलेटचा डबा उघडू नका. रिकाम्या पिस्तुलानं सराव करा.

हे वाचून बरेच जण वैतागतील. २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरनं दोन ब्राँझ मिळवली, राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये आणखी एक आणलं, आणि पोरांचा हात धरून आई-बाप रेंजवर यायला लागले. फार चांगलं झालं. पण बहुतेकांनी मुलाला पिस्तूल घेऊन दिलं, बूट घेऊन दिले, लेनची फी भरली आणि सराव कसा करायचा हे विचारायचं राहूनच गेलं. लाखाच्या वर पैसे मोजलेल्या पालकाला विचारा, पोरगं रेंजवर करतं काय? उत्तर येतं, "रोज दीड तास जातो की." दीड तासात करतो काय? "शूटिंग." म्हणजे काय, तर डबा उघडायचा, पेलेट घालायचं, मारायचं, पडद्यावर आकडा बघायचा आणि परत पेलेट घालायचं. सहा महिन्यांनी डबे रिकामे आणि स्कोअर होता तिथंच. मग दोष पिस्तुलाला, नाहीतर कोचला.

शिसं उडवणं हा सराव नाही. सराव म्हणजे एक हालचाल इतक्या वेळा बरोबर करायची की चुकीची करायला कष्ट पडावेत. त्यासाठी पेलेट लागतंच असं नाही. बऱ्याचदा ते आड येतं.

दहा मीटर एअर पिस्तुलाचा खेळ कागदावर सोपा आहे. पिस्तूल एका हातात धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार नाही. साडेचार मिलिमीटरचं पेलेट. पात्रता फेरीत ६० शॉट आणि ७५ मिनिटं. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल दीड किलोच्या आत. एवढ्यात सगळं आलं.

आता एक हिशेब करू. तो एकदा डोक्यात बसला की निम्म्या चुका आपोआप समजतात. पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये साधारण ३२ सेंटिमीटरचं अंतर असतं, आणि टार्गेट दहा मीटरवर. मागच्या खाचेत पुढची साईट फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर टार्गेटवर ती चूक तीन सेंटिमीटरची होते. पेलेट थेट सातात जातं. याउलट दोन्ही साईट अगदी सरळ रेषेत आहेत, पण सगळा हातच पाच मिलिमीटर बाजूला गेलाय, तर पेलेटही पाचच मिलिमीटर सरकतं. आणि गंमत बघा, ते तरीही दहाच लागतं.

म्हणून "माझा हात हलतो हो" ही तक्रार बंद करा. हात सगळ्यांचा हलतो. ऑलिंपिक विजेत्याचाही हलतो. हात हलत असताना पुढची साईट खाचेत मधोमध राहते का, दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या फटी दिसतात का आणि वरच्या कडा एका रेषेत आहेत का, याकडे बघा. नवशिक्याची नजर पळते काळ्या वर्तुळाकडे. काळं स्वच्छ दिसायला लागलं की समजायचं, साईट धूसर झाली आणि शॉट हातचा गेला. पुढची साईट ठळक, काळं धुरकट, हेच बरोबर चित्र. नेमही काळ्याच्या मध्यावर धरायचा नाही. काळ्याखालच्या पांढऱ्या पट्ट्यात धरायचा आणि त्या नेमाला पेलेट मध्यावर लागेल असं पिस्तूल झिरो करून घ्यायचं. पांढऱ्यावर काळी साईट उठून दिसते, काळ्यावर काळी हरवते.

चष्मेवाल्यांनी इथं थांबून वाचावं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन नुसतं "शूटिंगसाठी नंबर द्या" म्हटलंत, तर ते लांबचं स्वच्छ दिसेल असा नंबर देतील, कारण टार्गेट लांब असतं हे त्यांना माहीत आहे. तुम्हाला हवं आहे हाताच्या टोकाला स्वच्छ दिसणं. हात पसरून पुढची साईट कुठं येते ते टेपनं मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. चाळिशी ओलांडलेल्या किती तरी नेमबाजांनी वर्षानुवर्षं हाताला दोष दिला, आणि दोष होता काचेत. दुसरा डोळाही मिटून घेऊ नका. एक डोळा घट्ट मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि दहा मिनिटांत उघडा डोळाही थकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि नको त्या डोळ्यापुढं ब्लाइंडर लावा. नियमात ३० मिलिमीटर रुंदीपर्यंत तो चालतो.

खरा घोळ होतो ट्रिगरवर. नियमानं त्याचं वजन किमान ५०० ग्रॅम. ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला हलका टप्पा हात वरून खाली उतरत असतानाच घ्यायचा. दुसऱ्या टप्प्यावर बोट टेकलं की दाब थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि शॉट सुटला तर सुटू द्यायचा. आपण करतो काय? साईट क्षणभर सुंदर जुळते, मन ओरडतं "आत्ता!" आणि बोट झडप घालतं. बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते, मनगट मोडतं. उजव्या हातानं मारणाऱ्याचा शॉट घड्याळातल्या सात-आठच्या दिशेला जाऊन बसतो. तुमच्या टार्गेटवर डावीकडे खाली गर्दी असेल तर साईटचे स्क्रू फिरवू नका. तिथं साईटचा संबंध नाही. बोटाचा आहे.

आणि बोटाचं औषध आहे ड्राय, म्हणजे रिकाम्या पिस्तुलानं ट्रिगर दाबणं. रेंजवरचा जुना, कंटाळवाणा, सगळ्यांना माहीत असलेला आणि जवळपास कुणीच नेमानं न करणारा सराव.

घरी करायचा असेल तर आधी पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल उघडून नळी रिकामी असल्याची खात्री करा, आणि बघून झाल्यावर परत एकदा बघा. कोऱ्या भिंतीसमोर उभे राहा. पांढरी, डाग नसलेली भिंत. टार्गेट नाही, ठिपका नाही, काहीच नाही. पिस्तूल ड्रायवर लावा, हात उचला, उतरवा, साईट जुळवा आणि ट्रिगर दाबा. टिक असा आवाज होतो. त्या आवाजाच्या क्षणी पुढची साईट हलली का? तेवढंच बघायचं आहे. हलली असेल तर कुठल्या दिशेला? खाली टुणकन गेली तर बोटानं झडप घातली. वर उडाली तर मनगट आवळलं. साईट जागेवर राहिली आणि टिक झालं, तर तो दहा. पेलेट नसताना मारलेला, पण पक्का दहा.

भिंत कोरी का, याचं कारण सांगायला हवं. टार्गेट दिसलं की नजर तिकडे ओढली जाते. कोऱ्या भिंतीवर नजरेला दुसरीकडे जायला जागाच नसते, साईटवर थांबावंच लागतं. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. तासभर करू नका. थकलेल्या हातानं केलेला ड्राय चुकीची हालचाल पक्की करतो, आणि ती पुसायला महिने जातात.

रेंजवर हाच प्रकार पेलेट घालून करता येतो. कागदी टार्गेट असेल तर उलटं लावा, पांढरी बाजू समोर. दहा शॉट मारा. आकडे नाहीत, वर्तुळं नाहीत. मग कागद जवळ घेऊन भोकं बघा. ती एका जागी दाटलेली असतील तर तुमचं तंत्र बरोबर आहे. विखुरलेली असतील तर स्कोअरच्या गप्पा राहू द्या. अनेक मुलांचा ग्रुप कोऱ्या कागदावर टार्गेटपेक्षा लहान येतो. पहिल्यांदा बघताना मुलं चक्रावतात. काळं डोळ्यांपुढून गेलं आणि हात सुटला, एवढंच झालेलं असतं.

कुठल्याही रेंजवर एखाद्या लेनमागे थोडा वेळ उभे राहा. तेरा-चौदा वर्षांची मुलगी. डावा हात खिशात, उजव्या हातात पिस्तूल. हात वर जातो, श्वास अर्धा सुटतो, पिस्तूल हळूहळू काळ्याखाली उतरतं. इथवर सगळं देखणं. बोट दाब वाढवायला लागतं आणि शॉट सुटतो न सुटतो तोच तिची हनुवटी बाजूला वळते. कारण बाजूला पडदा आहे आणि पडद्यावर आकडा येणार आहे. ८.७. खांदे पडतात. पुढचा शॉट त्या ८.७ चा राग काढायला मारलेला. ८.२. काचेपलीकडे बाबा मोबाईलमध्ये आकडे लिहून घेतायत, आणि दोन तास झाल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "आज किती मारलेस गं?"

या मुलीला नवं पिस्तूल नको. तिच्या पडद्यावर वही झाका. प्रत्येक शॉटनंतर तिनं पिस्तूल जागच्या जागी दोन सेकंद धरून ठेवावं. साईट परत जुळलेली बघावी आणि मगच हात खाली घ्यावा. याला फॉलो थ्रू म्हणतात. पेलेट दहा मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भागही पुरतो, मग सुटलेल्या शॉटनंतर हात धरून काय उपयोग, असं मुलं विचारतात. उपयोग हा की शॉटनंतर हात सोडण्याची सवय लागली की ती हळूहळू अलीकडे सरकते. आधी शॉटनंतर, मग शॉटबरोबर, मग शॉटच्या आधी. दोन सेकंदांची शिस्त त्या सवयीला दारातच अडवते.

हात खाली घेतला की वहीत एक फुली मारायची, शॉट कुठं गेला असेल तिथं. उजवीकडे वर? नऊ? डोळ्यांनी साईट शेवटी कुठं बघितली, त्यावरून अंदाज करायचा. दहा शॉट झाल्यावर पडदा उघडायचा आणि फुल्या ताडून बघायच्या. ज्या दिवशी फुल्या आणि शॉट जुळायला लागतात त्या दिवशी नेमबाज स्वतःचा अर्धा कोच झालेला असतो. शॉट सात लागला आणि फुलीही सातावरच होती, तर काळजी नाही, चूक दिसली आहे. फुली दहावर आणि शॉट सातात, तर चूक दिसलीच नाही. काळजी तिची.

आता ज्याला मी सगळ्यात मोठी कला मानतो ती: न मारणं. ७५ मिनिटं, ६० शॉट. एका शॉटला सव्वा मिनिट येतं. एवढा वेळ असताना पोरं बिघडलेला शॉट मारतात का? पिस्तूल काळ्याखाली स्थिरावल्यावर पाच-सात सेकंदांत शॉट सुटायला हवा. दहा सेकंद झाले, हात थरथरायला लागला, डोळ्यांपुढं साईट दोन दिसायला लागल्या, आणि तरी बोट हट्टानं ट्रिगर दाबतंच. कारण हात खाली घेणं म्हणजे हार, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं. खरं तर हात खाली घेणाऱ्यानं सात वाचवलेला असतो. याचाही सराव करा. ड्रायमध्ये दर पाचवा शॉट मुद्दाम मारायचाच नाही. सगळं करायचं, साईट जुळवायची, पहिला टप्पा घ्यायचा आणि बोट काढून हात खाली. हा सराव लाजेखातर कुणी करत नाही. करा. स्पर्धेच्या दिवशी हाच कामाला येतो.

आणि हातून वाईट शॉट सुटलाच तर? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची ५० मीटर पिस्तुलाची फायनल शोधून बघा. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओनं मध्येच ६.६ मारला. ऑलिंपिकच्या फायनलमध्ये सहा! पुढं तोच सुवर्ण घेऊन गेला, ओळीनं तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये त्याच प्रकारात. आपल्याकडे साध्या जिल्हा स्पर्धेत एक आठ लागला की पोर रडवेलं होतं, कारण घरी त्या आठाचा पंचनामा होणार असतो. पालकांनो, पंचनामा बंद करा. पॅरिसच्या १० मीटर फायनलमध्ये मनूचं रौप्य ०.१ नं हुकलं. टार्गेटवर तो ०.१ म्हणजे एका मिलिमीटरपेक्षाही कमी. एवढ्या बारीक खेळात मागच्या शॉटचं ओझं घेऊन पुढचा मारता येत नाही.

उभं राहण्याबद्दल फार लिहीत नाही, एकच चाचणी सांगतो. पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा, डोळे मिटा, हात उचलून सैल धरा, डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे आलं तर हात उजवीकडे ओढू नका. मागचं पाऊल थोडं सरकवा आणि परत डोळे मिटून बघा. ओढलेला हात साठ शॉटभर ओढलेला राहत नाही, चाळिसाव्या शॉटला आपल्या जागी परत जातो आणि स्कोअर घेऊन जातो. हीच चाचणी मुठीलाही लावा. डोळे उघडल्यावर पुढची साईट खाचेत मधोमध नसेल तर मनगट वळवून जुळवू नका. लाकडी ग्रिप घासा, नाहीतर पुट्टी भरा. कानशी आणि पॉलिश पेपर हाताशी नसलेला पिस्तूल नेमबाज मला अपुरा वाटतो. ग्रिप दुकानातून येते तेव्हा ती कुणाच्याच हाताची नसते.

होल्डिंगही करा. पिस्तूल टार्गेटवर धरून ठेवायचं, ट्रिगरला हात लावायचा नाही. सुरुवातीला पंधरा सेकंद, मग तीस, मधे मिनिटभर विश्रांती. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या पिस्तुलाला वजनं बांधून मिनिट-मिनिट हात उभा करायला लावणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, थांबा. खांदा एकदा गेला की वर्ष जातं. त्यापेक्षा पाठ, पोट आणि पाय मजबूत करा, रोज थोडं पळा.

शॉर्टकट विचारणारेही भेटतात. "हात थरथरू नये म्हणून एखादी गोळी असते ना?" असते. बीपी-हृदयाच्या त्या गोळ्यांवर नेमबाजीत बंदी आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन्ही पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली. डॉक्टरांनी दिली नसताना असलं औषध मुलाच्या तोंडात घालणाऱ्या माणसाजवळ मुलाला उभं करू नका. कोच असला तरी.

२५ मीटरकडे वळणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. इथं पॉइंट टू टूचं पिस्तूल, ट्रिगरचं वजन किमान एक किलो, आणि महिलांच्या प्रकारात दुसऱ्या टप्प्यात टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद गायब. दरवेळी हात खालून वर आणून एकच शॉट. लोक वाटेल ते करतात, पण गणित इतकंच: हात वर येतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेतलेला असला पाहिजे आणि साईट थांबते त्या सुमाराला शॉट सुटला पाहिजे. आधी थांबू, मग जुळवू, मग दाबू, असा तीन हप्त्यांत कारभार केला की तीन सेकंद संपतात. घड्याळ लावून याचा ड्राय करा. मात्र पॉइंट टू टूमध्ये रिकाम्या चेंबरवर पिन आपटू देऊ नका, चेंबरची कड खराब होते. डमी काडतूस घाला, नाहीतर पिस्तुलाच्या पुस्तकात काय सांगितलंय ते वाचा.

इथला दुसरा रोग म्हणजे दचकणं. आवाज आणि झटका येणार हे माहीत असल्यानं हात आधीच खाली ढकलला जातो. स्वतःचं दचकणं स्वतःला दिसत नाही. जोडीदाराला मॅगझिन भरायला सांगा, खऱ्या गोळ्यांमध्ये एखादी डमी त्यानं मनाला येईल तिथं घालावी. डमीवर ट्रिगर दाबला, आवाज झाला नाही आणि पिस्तुलानं तरी खाली मान टाकली, की सगळ्यांसमोर चूक उघडी. मोठमोठे शौकीन या चाचणीला तयार होत नाहीत. ज्यांना शिकायचं असतं ते होतात.

कोल्हापूरच्या राही सरनोबतचा २०१८ च्या एशियाडचा २५ मीटर पिस्तुलाचा सामना ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. थायलंडच्या खेळाडूबरोबर ३४-३४ अशी बरोबरी, शूट-ऑफमध्ये परत बरोबरी, दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीचं सुवर्ण. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिथं नवं काही सुचत नाही. पाठ झालेली तीच हालचाल परत करता येते का, एवढाच प्रश्न असतो. हंगेरीच्या कारोली टाकाचचा उजवा हात १९३८ मध्ये ग्रेनेड फुटून गेला. गडी डाव्या हातानं पहिल्यापासून शिकला आणि १९४८ आणि १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण घेऊन आला. "आमच्या मुलाला या पिस्तुलाची सवय नाही" म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

आता ज्यांना रेंज माहीत नाही पण कमरेला पिस्तूल आहे त्यांच्याविषयी. वरातीत हवेत गोळ्या झाडणारे, वाढदिवसाच्या केकपुढं रिव्हॉल्व्हर ठेवून रील काढणारे. हे लोक नेमबाज नाहीत आणि शूरही नाहीत. वर गेलेली गोळी खाली येते आणि बहुतेकदा दुसऱ्याच्या अंगणात येते. २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्र कायद्यात असल्या बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ती होताना दिसली पाहिजे. रेंजवरचं आठ वर्षांचं पोर पिस्तुलाचं तोंड टार्गेटकडेच ठेवतं, शॉट घ्यायचा नसेल तेव्हा बोट ट्रिगरबाहेर ठेवतं आणि पिस्तूल खाली ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग घालतं. परवानाधारक पुढाऱ्याला एवढं जमत नसेल तर त्याचा परवाना कशासाठी? एअर पिस्तुलाला ठरावीक क्षमतेपर्यंत परवाना लागत नाही, म्हणून ते खेळणं होत नाही. जवळून डोळा जातो. घरी कुलपात ठेवा. पेलेट शिशाचं असतं, सराव झाला की हात साबणानं धुवा आणि मगच डबा खा. लहान मुलांच्या बाबतीत यात सूट नाही.

राहिलं सामान. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ऐन पात्रता फेरीत मनूच्या पिस्तुलाचा भाग मोडला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि ५७५ वर ती फायनलच्या दोन गुणांनी बाहेर राहिली. एवढ्या वरच्या पातळीवर हे होऊ शकतं, तर तालुक्याच्या स्पर्धेत का नाही? म्हणून महिन्यातून एकदा खोट्या बिघाडाचा सराव करा. कोचनं मध्येच "पिस्तूल बंद" म्हणायचं. मुलानं पंचाला हाक मारायची, हत्यार सुरक्षित ठेवायचं, जोडीदाराचं किंवा क्लबचं पिस्तूल घ्यायचं आणि त्याच बैठकीत उरलेले शॉट पूर्ण करायचे. आधी गोंधळ उडेल. दोन-तीन महिन्यांत तो बसेल. बॅगेत ॲलन की, जास्तीची सील, स्क्रू आणि दुसरा सिलिंडर असू द्या. एअर सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि त्याचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात. तारीख उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बारच्या दाबाची ती वस्तू घरातही ठेवू नये. तुमच्या सिलिंडरवरची तारीख आज रात्री बघून घ्या.